बिनसमुद्राचं मीठ

पनवेलच्या खाडीतला एक डास माझ्या हेल्मेटमध्ये बसून थेट लडाखच्या वाटेला लागला, आणि बारालाचाच्या घाटात माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "काका, माझ्या परतीचं बघा काहीतरी." हे कोणी खरं मानणार नाही, पैज लावतो. माझ्या बायकोने तर डासाची गोष्ट पुरी ऐकूनही घेतली नाही. हौसा म्हणते, "यांनी पाऊस पडतोय सांगितलं तरी मी खिडकीतून हात भायेर काढून बगते."

मी काशिराम. मूळचा जासईचा, आता विचुंब्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये चौथ्या मजल्यावर असतो. गावात हळद असली की मांडवात माझ्यासाठी एक खुर्ची राखलेली असते. बँजोवाले घाम पुसायला थांबले की माझ्या थापा सुरू. ऐकणाऱ्याला ठाऊक असतं, मलाही ठाऊक असतं. दोघांच्या संगनमताने चालणारा कारभार तो, त्यात कोणाचं काही बिघडत नाही. निदान गेल्या ऑगस्टपर्यंत बिघडलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये आम्ही तिघं मोटारसायकलवरून डोंगरातली तळी बघायला गेलो आणि दोघं परत आलो.

तिघांतला एक मी, सहासष्ट वर्षांचा. दुसरा दयाराम, बंदरातल्या नोकरीतून रिटायर झालेला, आमच्यातला एकटाच शहाणा. औषधांची पिशवी, हवेचा पंप, दोरी, सगळं त्याच्याकडे. तिसरा तुळशीराम. तुळशीरामला सायकलपुढचं काही चालवता येत नव्हतं, म्हणून तो माझ्या मागे बसला. मी आणि तो दहाव्या-बाराव्या वर्षापासून जासईच्या एकाच मिठागरात राबलेले. आता तिथे भराव आहे आणि भरावावर कंटेनर आहेत, एकावर एक सात. त्या रस्त्याने जाताना तुळशीराम रिक्षातून बोट काढून सांगायचा, "तो तिसरा निळा डबा दिसतो ना, त्याच्या खाली माझी कुंडी." कुंडी म्हणजे मीठ धरायचा चौकोनी वाफा. रिक्षावाले हो हो म्हणायचे.

जायचं खूळ त्याचंच. एका सकाळी सात वाजता तो जासईहून विचुंब्याला येऊन थडकला. हातात पोराचा, प्रितेशचा, फोन. फोनवर व्हिडिओ. चहूकडे उघडे डोंगर, मधे तळं, आणि तळ्याच्या काठाला पांढरंशुभ्र मीठ.

"बग," तो म्हणाला. "समिंदर नाय, खाडी नाय, भरती नाय. मंग मीठ आलं कुठनं?"

"तुझ्या बापाने ट्रक भरून पाठवलं असेल."

"गप रे, जल्ला तुझा तोंड. नाव त्सो कार. पंधरा हजार फुटांवर हाय. मना बगायचंय."

"व्हिडिओत बघितलंस की."

"काशा," तो म्हणाला, "पाच वर्सांत मी उघड्यावर पडलेलं मीठ बगितलं नाय रे. दुकानातलं पिशवीत असतं."

मी मुलाची गाडी मागून घेतली.

तुळशीरामची बायको मैना. ती या जाण्याच्या विरुद्ध होती, आणि ते तिने पंधरा दिवस सगळ्या गावाला ऐकवलं. "सदुसष्ट वर्सं झाली, जिना चढताना दोनदा बसतात, यांना डोंगर पायजेल!" निघायच्या सकाळी मी तिच्या दारात गाडी चालू ठेवून उभा होतो. तुळशीराम नवं जाकीट घालून उंबऱ्यात आला. आत वळून म्हणाला, "येतो गं." आतून भांड्यांचा आवाज आला, बाई आली नाही. दारही तिने आतून लोटून घेतलं. तो माझ्यामागे बसला. कोपऱ्यावर वळेपर्यंत त्याने दोनदा मागे बघितलं, ते मला आरशात दिसलं. म्हणाला, "रागावलीय. आलो की बोलेल."

तिच्याशी त्याचं ते शेवटचं. नंतर फोनवर प्रितेश बोलायचा, ती नाही.

प्रवास मात्र असा झाला की काय सांगू. दीपक तालाच्या काठी चहाच्या तंबूत आम्ही बरोबर नेलेले सुके बोंबील भाजले. वास असा सुटला की तळ्याचं पाणी एक वीत वर आलं, काय शिजतंय बघायला. तंबूवालीने विचारलं, "ये कौन सी लकडी है?" तुळशीरामने तिला एक खायला दिला. तिने चावला, थोडा वेळ आमच्याकडे बघितलं, आणि चहाचे पैसे घेतले नाहीत. दया म्हणून नाही घेतले, असं दयाराम म्हणतो. तिथून एक याक आमच्या मागे लागला तो चौदा किलोमीटर. दयाराम म्हणतो चारच. आता याक साक्षीला येणार नाही म्हणून दयारामचं फावतंय.

सूरज तालात मी उजवा पाय घातला. तो अजून गरम झालेला नाही. मे महिन्यात हौसा पंखा बंद करून तोच पाय उशाला घेणार आहे.

मी हे सगळं गाडी चालवता चालवता मागे तोंड करून ओरडायचो. तुळशीरामचं हसणं बिनआवाजाचं. नुसते खांदे गदगदा हलायचे, आणि खांदे हलले की आख्खी गाडी डोलायची. मागून येणारा दयाराम हॉर्न वाजवायचा. "ए मेल्यांनो, दरी हाय खाली! हसायचं तर उतरून हसा!" सदुसष्ट वर्षांचा माणूस माझ्या पाठीवर डोकं टेकून हसत होता. माझ्या थापांना आयुष्यात तसा ऐकणारा मिळाला नाही.

पांग नावाच्या मुक्कामावर दयारामच्या गाडीची क्लचवायर तुटली. तिथे तंबू आहेत, चहा आहे, पण वायर नाही. दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी ट्रकमधून येणार होती. दयाराम म्हणाला, "एक दिवस थांबा. एवढी चढण चढलोय, जरा अंगाला विरळ हवेची सवय होऊ द्या. तळं काय पळून जात नाय."

तुळशीरामने माझ्याकडे बघितलं. मला त्याची घाई दिसत होती. मी म्हटलं, "चल, आपण पुढे होऊ, हा येईल मागनं."

हे मी म्हटलं. त्याने नाही.

त्यामुळे पुढे जे झालं त्याला साक्षीदार मी एकटा. एवढं लक्षात ठेवा, कारण इथून पुढे याक नाही आणि डास नाही.

दुपारी एकच्या सुमाराला तळं दिसलं. व्हिडिओत होतं तसंच. उन्हात पांढरा काठ इतका चकाकत होता की डोळ्यांवर हात धरावा लागला. तुळशीराम उतरला. मग म्हणाला, "कोणी बांध घातला नाय, काशा. फावडं नाय, मुकादम नाय. आपलं आपण पडलंय." आणि चालू लागला. काठ चांगला फर्लांगभर लांब असेल. अर्ध्या वाटेत तो खाली बसला.

"डोकं धरलं रे," म्हणाला.

आता हे समजून घ्या. मिठागरात एप्रिल-मे महिन्यात नव्या माणसाचं डोकं धरतंच. वरून ऊन, खालून मिठाची लकाकी. कपाळ ठणकतं, उलटी होते, बांधावरून चालताना पाय वाकडे पडतात. त्यावर आमचा इलाज ठरलेला: डोक्याला ओलं फडकं, मीठ घातलेली भाताची पेज, आणि दिवस कलेपर्यंत छपरात आडवं पडायचं. त्याला कोणी घरी पाठवत नाही. घरी जातो म्हणणाऱ्याला पुढची दोन वर्षं सगळे हसतात. मी असे वीस-बावीस जण उठवलेत. तुळशीरामला कपाळात कळ होती. उलटी झाली. उठला तेव्हा पाय वाकडे पडत होते. सगळं ओळखीचं. मला वाटलं, एवढंच ना.

"आगरातलीच लागण हाय," मी म्हटलं. "मीठ बघितलं आणि मीठच बाधलं तुला."

तोसुद्धा मिठागरातलाच. त्याने मान हलवली.

तळ्याजवळ थोडी घरं आहेत. एका बाईने आम्हाला खोली दिली. तिने तुळशीरामच्या तोंडाकडे बघितलं, नखं बघितली आणि मला म्हणाली, "इनको नीचे ले जाओ. अभी. मेरा भाई गाडी लाता है."

मी म्हटलं, "हम नमक का आदमी है, बाई. इसको नमक का धूप लगा. सुबह ठीक."

"ये धूप नहीं है, भाईजी. ये ऊपर का है. नीचे जाना पड़ेगा."

"पचास साल से देखता है मैं," मी म्हटलं.

ती गेली आणि अर्ध्या तासाने परत आली. पुन्हा तेच म्हणाली. मी तिच्याकडे तांदूळ मागितला. मी स्वतः पेज केली, मीठ घातलं, फडकं ओलं करून त्याच्या कपाळावर ठेवलं. दोन घोट प्यायला आणि ओकला. मी म्हटलं, पोट साफ होतंय, चांगलं आहे.

पाच वाजता त्याने माझं मनगट धरलं. "काशा, मना खाली ने. घरी ने."

मी हसलो. हो, हसलो. "आगरात असं बोलला असतास तर मुकादमाने तुला बायकांच्या रांगेत बसवलं असतं," म्हटलं. तो थोडं हसला, खांदे हलले. काही वेळाने पुन्हा म्हणाला, "घरी ने." मी म्हटलं, उजाडलं की निघू, दयाराम पण येईल, तिघं मिळून जाऊ.

तिसऱ्यांदा तो माझ्याशी बोललाच नाही. भिंतीकडे तोंड करून पडला होता. भिंतीला हात लावत होता. म्हणाला, "दार उघड गं. दार उघड, मी आलो."

तेव्हा मी त्या बाईला हाक मारली. तिचा भाऊ गाडी घेऊन दुसरीकडे गेला होता, तो उजाडता उजाडता आला. दवाखाना दोन-अडीच तासांवर. तासाभराने तुळशीरामचा हात माझ्या मांडीवरून सरकून सीटखाली गेला. मी तो उचलून पुन्हा मांडीवर ठेवला. पुन्हा सरकला. मी पुन्हा ठेवला. दवाखाना येईपर्यंत मी हेच करत होतो. डॉक्टर पोरगा होता, चांगल्या स्वभावाचा. म्हणाला, "कल शाम को नीचे ले आते..." आणि कानातला स्टेथोस्कोप काढला.

तुळशीराम आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसला तो पेटीतून.

गावात कोणी मला दोष दिला नाही. आपली माणसं मयताच्या घरी दोष देत नाहीत, चहा देतात. मी सगळ्यांना सांगितलं, झोपेत गेला, कळलंसुद्धा नाही. दयाराम बाजूला बसला होता. त्याने माझ्याकडे बघितलं नाही आणि काही विचारलंही नाही. तेराव्याला कोणीतरी म्हणालं, काशा, तो याकाचा किस्सा सांग, तुळशीरामला आवडला होता म्हणतात. मी सांगितला. चौदाचे वीस किलोमीटर केले. लोक डोळे पुसत हसले. मैना आतल्या खोलीत होती. ती हसली नाही, हे मला भिंतीपलीकडून समजलं.

मग मी जासईला जाणं टाळायला लागलो. गुडघा दुखतो, नातवाची शाळा, काय वाट्टेल ते. थाप मारणाऱ्याला कारणांची वाण पडत नाही.

दिवाळीच्या आधी मैनाच आली. तिच्या मुलीने, समृद्धीने, स्कूटीवरून आणून बिल्डिंगखाली सोडलं आणि ती बाजारात गेली. लिफ्ट बंद होती. मैनावयनी चार मजले चढून आली, सोफ्याच्या टोकावर बसली, पाणी प्यायली. हौसा चहा ठेवायला उठली तर तिने हौसाचा हात धरून खाली बसवलं. "तू बस. तुझ्यासमोर विचारते. तू असलीस की हे कमी बोलतात."

हौसा बसली.

"भावजी," मैना म्हणाली, "गावाला काय सांगितलंत ते गावाला. मी एकच इचारते. त्या दिवशी मी भायेर नाय आले. दार लोटून घेतलं. ते 'येतो गं' बोलले, मी ओ नाय दिली. चाळीस-पंचेचाळीस वर्सांत कवा असं केलं नव्हतं. रोज सकाळी चार वाजता उठते नि तेच ऐकते. ते मनात राग घेऊन गेले का? शेवटी काय बोलले, ते सांगा."

मी तिच्याकडे बघितलं. तिच्या पायाला रस्त्याची लाल धूळ होती. चप्पल तिने दाराबाहेर नीट जोडीने काढली होती. खरं माझ्या जिभेच्या टोकावर होतं: दार उघड गं, मी आलो. ते सांगितलं असतं तर या बाईने उरलेला जन्म त्या दारात उभं राहून काढला असता. आणि त्याच्या आधीचं सांगितलं असतं, मला घरी ने, तर तिने मला विचारलं असतं, मग का नेलं नाहीत? मला दोन्हीतलं कोणतं चुकवायचं होतं, ते मलाही नक्की सांगता येणार नाही. एकात दुसरं लपवत होतो.

म्हणून मी सुरू झालो. आणि चांगला सुरू झालो. इतकं चांगलं मी कुठल्या मांडवात बोललो नसेन.

"वयनी," मी म्हटलं, "राग कसला? वाटेत रोज तुझीच गोष्ट. चंदीगडला जेवताना म्हणाला, मैनाच्या हातची चिंबोरी नाही तर जेवण कसलं. डोंगरात म्हणाला, पुढच्या वर्षी तिला आणू, विमानाने आणू."

हौसा माझ्याकडे बघत होती. मैना खाली बघत होती. तिचा श्वास जरा सैल झाला. ते दिसलं आणि मला जोर चढला.

"तळं दिसलं तसा तो पोरासारखा निघाला, वयनी. मी म्हणतोय अरे दमाने, हा ऐकेल तर. पार पाण्यापर्यंत गेला. खाली बसला. मूठभर मीठ उचललं. हातात चोळलं, उन्हात धरून बघितलं, आपण आगरात बघतो तसं."

"पाण्यापत्तुर गेले?" मैनाने विचारलं.

"पाण्यात पाय घालून बसला. तासभर. चेहरा बघायला हवा होतास. जसा लग्नात होता तसा."

तिने डोळ्याला पदर लावला. हौसाने तिच्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, इथे थांबावं. आता थांब काशिराम. पण थाप मारणाऱ्याचा एक शाप असतो, समोरचा रडायला लागला की त्याला अजून एक घास द्यावासा वाटतो.

"मग त्याने एक खडा जिभेवर ठेवला," मी म्हटलं. "डोळे मिटले. आणि हसून म्हणाला, 'काशा, मीठ ब्येस हाय, पन आपल्या जासईची चव नाय. मैनाला नेऊन देतो चिमूटभर. तिच्या कालवणात पडलं की सुधरंल.' हे त्याचं शेवटचं बोलणं, वयनी. तुझ्या कालवणाचं. मग तिथेच काठावर आडवा झाला, उन्हात, आणि झोपला तो झोपलाच."

खाली कोणीतरी पाण्याचा टँकर मागे घेत होतं, त्याची पिपाणी वाजत होती. मैनाने पदर डोळ्यावरून खाली घेतला. डोळे कोरडे झाले होते.

"चव नाय बोलले?"

"हो. आपल्या जासईची नाही म्हणाला."

"जिभेवर ठेवून बोलले?"

"माझ्यासमोर, वयनी."

हौसाचा हात तिच्या पाठीवर थांबला.

"भावजी," मैना म्हणाली, अगदी हळू, जसं लहान पोराला समजावतात, "करोनापासनं त्यांच्या जिभेला चव नव्हती. चार वर्सं. मीठ नि साखर वळखायचे नाय. मिठागरातला मानूस, लोक हसतील म्हनून कोनाला कळू दिलं नाय, तुमाला पन नाय. पंगतीला बसले की आधी तुमच्या तोंडाकडं बगायचे, नि मंग बोलायचे, मीठ जास्त झालं. मी समोर बसून खुणा करायची." तिने माझ्या नजरेला नजर लावली आणि ती काढली नाही. "तुमी खोटं बोलताय."